वेस्ट व्हर्जिनिया आणि पूर्व टेनेसी: एका मुलखाला राज्य, दुसऱ्याला फास

अमेरिकेतल्या यादवी युद्धाबद्दल (संघराज्य राखणारी उत्तर विरुद्ध त्यातून फुटलेली दक्षिण) वाचताना या दोन मुलखांची गल्लत सहज होते. दोन्ही ॲपलेशियन डोंगरांतले, छोट्या शेतकऱ्यांचे, गुलामांची संख्या कमी असलेले. १८६१ मध्ये व्हर्जिनिया आणि टेनेसी ही राज्यं संघराज्यातून फुटली, तेव्हा दोन्हीकडे कडाडून विरोध झाला. तरी २० जून १८६३ रोजी वेस्ट व्हर्जिनिया देशाचं ३५वं राज्य बनलं आणि पूर्व टेनेसी आहे तिथेच राहिला. तिथली माणसं संघराज्याशी कमी निष्ठावान होती म्हणून असं झालं, हे मला मुळीच पटत नाही. निकाल लावला तो रेल्वेने आणि डोंगरांनी.

पश्चिम व्हर्जिनियाला लागूनच ओहायो नदी, आणि पलीकडे उत्तरेचा प्रदेश. शिवाय वॉशिंग्टनला पश्चिमेशी जोडणारी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे इथूनच जायची. ती राखणं उत्तरेच्या लिंकन सरकारला भागच होतं. मे १८६१ संपायच्या आत उत्तरेचे सेनापती मॅक्लेलन यांच्या फौजा नदी ओलांडून आल्या. त्यांच्या आसऱ्याने व्हीलिंग शहरात फ्रान्सिस पिअरपाँट यांचं ‘संघनिष्ठ व्हर्जिनिया सरकार’ उभं राहिलं. राज्य तोडायला त्याच राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते, अशी राज्यघटनेची अट. ती संमती याच सरकारच्या विधिमंडळाने देऊन टाकली!

पूर्व टेनेसीत ८ जून १८६१ च्या मतदानात जवळपास दोन तृतीयांश मतं फुटण्याविरुद्ध पडली. ग्रीनव्हिल गावात भरलेल्या संघनिष्ठांच्या अधिवेशनाने वेगळं राज्य मागितलं, टेनेसीच्या विधिमंडळाने ते नाकारलं. इथलीही रेल्वे महत्त्वाची, पण दक्षिणेसाठी: व्हर्जिनियातल्या सैन्याची रसद याच मार्गाने जायची. उत्तरेची फौज केंटकीत, मध्ये कंबरलंडचे डोंगर. फौज येतेच आहे या भरवशावर संघनिष्ठांनी ८ नोव्हेंबरच्या रात्री रेल्वेचे पाच पूल जाळले. फौज आलीच नाही. उत्तरेचा सेनापती शर्मनने मोहीम आधीच रद्द केली होती. पकडलेल्यांपैकी पाच जणांना फाशी झाली. मृतदेह जळालेल्या पुलांजवळ लटकत ठेवा, असा हुकूम दक्षिणेचे युद्धमंत्री जुडा बेंजामिन यांचा होता. उत्तरेचा सेनापती बर्नसाइड याचं सैन्य पूर्व टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला पोहोचलं ते थेट सप्टेंबर १८६३ मध्ये.

आणखी एक गैरसमज. वेस्ट व्हर्जिनिया एकदिलाने उत्तरेच्या बाजूने होता असं अजिबात नाही. दक्षिण आणि पूर्वेकडच्या अनेक काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) फुटण्याच्या बाजूने मत दिलं होतं, तरी नव्या राज्यात त्या ओढल्या गेल्या. गुलामगिरीविरोध हीसुद्धा दोन्हीकडची मूळ प्रेरणा नव्हती. नॉक्सव्हिलचे संपादक विल्यम ब्राउनलो संघराज्याचे कट्टर समर्थक, पण युद्धापूर्वी गुलामगिरीचं जाहीर समर्थन करणारे. वेस्ट व्हर्जिनियानेही टप्प्याटप्प्याने मुक्ती देण्याचं कलम स्वीकारलं, ते काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, अट घातली म्हणून.

पूर्व टेनेसीला वेगळं राज्य मिळालं नाही, सत्ता मात्र मिळाली. ग्रीनव्हिलचे अँड्र्यू जॉन्सन १८६२ मध्ये टेनेसीचे लष्करी गव्हर्नर झाले, तेही स्वतःचं गाव शत्रूच्या ताब्यात असताना. १८६५ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी टेनेसीचं गव्हर्नरपद ब्राउनलोंकडे आलं.