टिकावाला बांबूचा दांडा का नसतो?

प्रॉडक्ट डिझाइनच्या अभ्यासक्रमात साहित्य एका तासाला आणि ते घडवण्याच्या प्रक्रिया दुसऱ्या तासाला शिकवल्या, की विद्यार्थी साहित्याच्या गुणधर्मांच्या तक्त्यातला सगळ्यात चांगला आकडा उचलतो आणि निवड झाली असं समजतो. ही समजूत मोडायला मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतावरचा टिकाव पुरेसा आहे.

दांडा ताठ हवा आणि हलकाही हवा. भरीव गोल दांड्याची जाडी वाढवली की वजन जाडीच्या वर्गाने वाढतं, ताठपणा मात्र चौथ्या घाताने. म्हणून हलका पदार्थ जाड वापरणं फायद्याचं ठरतं. केंब्रिज विद्यापीठातले साहित्य-अभियंते माइक ॲशबी यांनी रुजवलेल्या निवडपद्धतीत याचं गुणोत्तर असं निघतं: यंग मापांकाचं (पदार्थ मुळात किती ताठ आहे त्याच्या मापाचं) वर्गमूळ भागिले घनता. मापांक गिगापास्कलमध्ये आणि घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये घेतली, तर पोलादाला (२०० आणि ७.८५) १.८ मिळतात, ॲल्युमिनियमला (७० आणि २.७) ३.१. बाभळीच्या लाकडाला ढोबळमानाने (१२ आणि ०.८) ४.३ आणि बांबूला (१५ आणि ०.७) ५.५. आकडा जितका मोठा, तितका दांडा हलका.

म्हणजे बांबू जिंकला. तरी टिकावाला दांडा बसतो तो सहसा बाभळीचाच. कारण नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात आहे. दांडा नेढ्यात घट्ट बसवायला तो तासावा लागतो आणि वरून पाचर ठोकावी लागते. बांबूचे मजबूत तंतू बाहेरच्या सालीजवळ दाटलेले असतात. तासताना नेमके तेच निघून जातात. शिवाय तो पोकळ, त्यामुळे पाचरीचा दाब आला की उभा चिरतो. बाभूळ भरीव आणि चिवट, ती पाचर सोसते. गुणोत्तराने वाकण्याचा हिशेब बरोबर केला, पण जोडाचा प्रश्न त्याला विचारलाच नव्हता. पोलादाची नळी घेतली तर हेही गणित बदलतं, कारण हे गुणोत्तर फक्त भरीव छेदासाठी आहे. विद्यार्थ्यांकडून हे दोन्ही दांडे प्रत्यक्ष बसवून घ्यावेत. चिरलेला बांबू हातात आला की तक्ता कुठे थांबतो ते कळतं.

दुसरा धडा गच्चीवर आहे. १००० लिटरची काळी पाण्याची टाकी इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने बंद साच्यात भरून, का करत नाहीत? व्यास १ मीटर धरला तर वरून दिसणारं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. साच्यात ३०० बार दाब मानला, तर साचा मिटून धरायला सुमारे २,४०० टन बळ हवं. आणि एवढं करूनही टाकीची पोकळी घडवणारा साच्याचा आतला गाभा अरुंद तोंडातून बाहेर निघणार नाही. म्हणून टाकी रोटोमोल्डिंगने होते. एलएलडीपीई या पॉलिथिलीनच्या प्रकाराची भुकटी पोकळ साच्यात टाकतात, भट्टीत साचा दोन अक्षांभोवती फिरवतात, भुकटी वितळून आतल्या भिंतीला चिकटते आणि फिरता फिरताच थंड करतात. दाब जवळजवळ नाहीच, त्यामुळे साचा पत्र्याचाही चालतो. बिघडतं ते तापमान आणि वेळेत: कमी भाजलं तर आत छिद्रं राहतात, जास्त भाजलं तर प्लास्टिक ठिसूळ होतं, घाईने थंड केलं तर भिंत वाकते. हवा जाण्याची नळी तुंबली तर सांध्यावर फुगे येतात. वर्गात कापलेल्या टाकीचा एक तुकडा ठेवावा. बाहेरची बाजू साच्यासारखी गुळगुळीत आणि आतली ओबडधोबड दिसते, कारण साचा एकाच बाजूला असतो.

कुठलं प्लास्टिक आहे ते ओळखायला वर्गासाठी नमुने भंगारच्या दुकानात मिळतात. ठिबकची नळी, बाटलीचं झाकण, मिक्सरचा तुटका सांगाडा, पीव्हीसी पाइप यांचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. १ लिटर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा, नाहीतर चिकटलेल्या बुडबुड्यांमुळे बुडणारा तुकडाही तरंगतो. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथिलीन तरंगतील. बुडालेले तुकडे १ लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ विरघळवलेल्या द्रावणात टाकावेत: एबीएस आणि पॉलिस्टायरीन वर येतील, नायलॉन, पीईटी आणि पीव्हीसी तळाशीच राहतील. गाडीच्या बंपरचा तुकडा मात्र फसवतो; त्यात टाल्क (मऊ दगडाची भुकटी) मिसळलेलं असलं तर पॉलिप्रोपिलीनही साध्या पाण्यात बुडतं. जाळून ओळखण्याची पद्धत वर्गात बंद ठेवावी, पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं.

मग प्रश्न संख्येचा, आणि आमच्या मते तो पहिल्याच तासाला यायला हवा. समजा एका झाकणाचा इंजेक्शन साचा ३ लाख रुपयांचा आणि प्रत्येक नग १२ रुपयांचा. थ्रीडी प्रिंटिंगला साचा नको, पण नग १८० रुपयांचा. ३,००,००० भागिले १६८, म्हणजे सुमारे १,७८६ नगांपर्यंत प्रिंटिंग स्वस्त. त्यापुढे साचा. साचा ठरला की रेखाटनही बदलतं: भिंत २ ते ३ मिलिमीटर, रिबची (भिंतीला बळकटी देणाऱ्या पट्टीची) जाडी भिंतीच्या निम्म्याहून थोडीच जास्त, नाहीतर मागच्या बाजूला खळगा पडतो; उभ्या बाजूंना किमान १ अंश उतार, नाहीतर नग साच्यातून ओरखडे घेऊन निघतो. छत्रपती संभाजीनगरात साचे बनवण्याचं प्रशिक्षण देणारी इंडो-जर्मन टूल रूम आणि प्लास्टिक अभियांत्रिकीची सिपेट या दोन्ही संस्था आहेत. तिथे जाण्याआधी विद्यार्थ्याने हातातल्या झाकणावरची गेटची (प्लास्टिक साच्यात शिरतं त्या तोंडाची) खूण, इजेक्टर पिनचे (नग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे) गोल ठसे आणि पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग मिळतात तिथली रेघ) शोधून कागदावर काढलेली असावी. उघडा साचा समोर आल्यावर तो प्रत्येक खूण कुठल्या भागाने उमटली ते स्वतः दाखवू शकतो.