अ‍ॅडव्हान्स्ड इंग्लिश व्होकॅब्युलरी शिकणं

अ‍ॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी म्हणजे इंग्रजीतले असे शब्द जे रोजच्या बोलण्यात फारसे येत नाहीत पण अग्रलेख, कादंबऱ्या, कोर्टाचे निकाल, रिसर्च पेपर आणि चांगली भाषणं यांत सारखे भेटतात. मिटिगेट, युबिक्विटस, प्रॅग्मॅटिक, स्क्रूटिनी, अँबिव्हॅलंट ही त्यातली नेहमीची मंडळी. हे शब्द ठरवून शिकायला लोक सरळ 'व्होकॅब करणं' म्हणतात, आणि बहुतेक जण सुरुवात एकाच पद्धतीने करतात, डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द आणि उजव्या रकान्यात एक मराठी अर्थ. यादीने सुरुवात करायला हरकत काहीच नाही, पण शब्द 'येणं' ही गोष्ट त्या दोन रकान्यांपेक्षा बरीच मोठी आहे. अर्थाची छटा, तो शब्द कुणाच्या शेजारी बसतो, कुठे शोभतो आणि कुठे ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, उच्चार कसा, आणि मुख्य म्हणजे गरज पडली तेव्हा तो तोंडात येतो का, हे सगळं त्यात आलं. वाचताना ओळखीचा वाटणारा शब्द आणि स्वतः वापरता येणारा शब्द यात मोठं अंतर असतं आणि पहिल्या प्रकारचे शब्द प्रत्येकाकडे दुसऱ्या प्रकारापेक्षा कितीतरी जास्त असतात, अगदी ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्याकडेसुद्धा.

अवघड शब्द नक्की कुठून सुरू होतात

इंग्रजी शिकवण्यावर काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली साधारण २००० सगळ्यात उपयोगी इंग्रजी शब्दांची यादी छापली. सर्वसाधारण मजकुरातले सुमारे ८० टक्के शब्द अशा पहिल्या दोन हजारांतच येतात, म्हणजे पाया तेवढ्यात होतो. त्यानंतर २००० साली न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी वेगवेगळ्या विषयांचं अभ्यासाचं लिखाण चाळून, वेस्ट यांच्या यादीत नसलेली पण सगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा येणारी ५७० शब्दकुटुंबं वेगळी काढली. शब्दकुटुंब म्हणजे अ‍ॅनलाइज, अ‍ॅनॅलिसिस, अ‍ॅनलिटिकल हे सगळे मिळून एक. ही ५७० कुटुंबं अभ्यासाच्या मजकुराचा जवळजवळ १० टक्के भाग व्यापतात, आणि एवढ्या छोट्या यादीतून एवढा फायदा दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून ज्याला कॉलेजची किंवा कामाची पुस्तकं वाचायची आहेत त्याने दुसरी कुठलीही जाडजूड यादी उघडण्याआधी ही संपवावी.

पुढचा आकडा शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांचा. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं असेल तर साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं धरून त्यांनी २००६ साली हिशोब मांडला, तो ८००० ते ९००० शब्दकुटुंबांवर आला, आणि बोललेलं समजायला ६००० ते ७०००. हा आकडा बघून घाबरायला होतं, पण ९८ टक्के म्हणजे तरीही दर ५० शब्दांत एक अनोळखी, म्हणजे वाचताना अडखळणं हे अडाणीपणाचं लक्षण नाही, ते सगळ्यांचं होतं.

इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन या शिक्षण-संशोधकांनी शब्दांचे तीन थर मांडलेत ते शिकणाऱ्याने डोक्यात ठेवावेत असे आहेत. पहिला थर घर, पळणं, आनंद असे रोजचे. तिसरा थर एकेका विषयापुरता, फोटोसिंथेसिस किंवा आयसोटोप सारखा, तो त्या विषयाबरोबर आपोआप शिकला जातो. मधला थर म्हणजे रिलक्टंट (नाखूश), कन्टेम्प्लेट (खोलवर विचार करणं), इन्एव्हिटेबल (अटळ), जे कुठल्याही विषयात येऊ शकतात आणि विचाराला धार देतात. मेहनत घालायची ती या मधल्या थरावर. नुसते लांबलचक आणि दुर्मिळ शब्द गोळा करण्यात मजा आहे, ती घ्यावी, पण त्याने वाचन सुधारत नाही.

एकाच गोष्टीला एवढे शब्द कशाला

याचं उत्तर इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबार आणि न्यायालय फ्रेंचमध्ये चाललं, सामान्य माणूस मात्र जुनी इंग्रजीच बोलत राहिला. त्यानंतर विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून थेट शब्द उचलले. त्यामुळे एका अर्थाला तीन मजली घर झालं. आस्क हा जुना इंग्रजी, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधला. तसंच किंगली, रॉयल, रीगल. तसंच बिगिन, कमेन्स, इनिशिएट. खालच्या मजल्यावर जिव्हाळा, वर जावं तसा औपचारिकपणा.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. 'पाणी प्यायलो' आणि 'जलप्राशन केलं' यांचा अर्थ एकच पण घरात कुणी दुसरं वाक्य बोललं तर सगळे त्याच्याकडे बघतील. मित्राला मेसेज करताना 'जेवण कमेन्स केलं' असं इंग्रजीत लिहिणं तसंच ऐकू येतं. अवघड शब्द शिकल्यावर तो लगेच सगळीकडे वापरायची घाई होते, ती साहजिक आहे, फक्त तो शब्द कुठल्या मजल्यावरचा आहे हे शब्दाच्या अर्थाबरोबरच शिकून घ्यायला हवं.

अर्थ म्हणजे प्रतिशब्द नाही

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे आणि शिकताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष पण यावरच होतं. फ्रूगल आणि स्टिंजी दोन्ही कमी खर्च करणारे, पण फ्रूगल म्हणजे काटकसरी, ते कौतुक आहे, आणि स्टिंजी म्हणजे चिक्कू. पार्सिमोनियस हा चिक्कूच पण पुस्तकी कपड्यातला. टिनेशस म्हणजे चिवट आणि ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, दोघंही धरलेलं सोडत नाहीत, फरक बघणाऱ्याच्या मतात आहे. शिफारसपत्रात टिनेशसच्या जागी ऑब्स्टिनेट पडला तर त्या उमेदवाराचं नुकसान होईल, आणि दोन्हींपुढे यादीत 'न सोडणारा' एवढंच लिहिलेलं असेल तर ती चूक होणारच.

दुसरी गोष्ट सोबतीची. मराठीत काच फुटते, दोरी तुटते, कापड फाटतं आणि हाड मोडतं. कुणी आपल्याला हे नियम शिकवले नाहीत, पण 'काच फाटली' म्हटलं की कान टवकारतात. इंग्रजीत पण शब्दांच्या अशाच जोड्या ठरलेल्या असतात. क्रिटिसिझम स्केदिंग (जळजळीत) असतं, सपोर्टर आर्डंट (कट्टर) असतो, डिझास्टर अनमिटिगेटेड (पुरतं) असतं, रिस्क मिटिगेट करतात म्हणजे कमी करतात आणि वेदना अलेव्हिएट करतात म्हणजे हलकी करतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये हेच मांडलं होतं की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते. म्हणून शब्द एकटा लिहून ठेवूच नये, त्याची जोडीच लिहावी, स्क्रूटिनी नाही तर 'अंडर क्लोज स्क्रूटिनी' (बारकाईने तपासलं जाणं), आणि मग तो वापरायची वेळ आली की अख्खा तुकडा तयार मिळतो.

याच कारणाने शिकणाऱ्यांसाठीची वेगळी डिक्शनरी असते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्या अनुभवातून त्यांनी तयार केलेली डिक्शनरी ऑक्सफर्डने १९४८ ला काढली. लाँगमनने १९७८ ला सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच द्यायचे असं ठरवलं. १९८७ च्या कोबिल्ड डिक्शनरीने तर अर्थच पूर्ण वाक्यात दिले, आणि उदाहरणं प्रत्यक्ष छापलेल्या व बोललेल्या इंग्रजीतून घेतली. मराठी अर्थ बघून झाल्यावर यातली एखादी उघडायची सवय लागली तर अर्ध्या चुका तिथेच थांबतात.

फसवे शब्द हा वेगळाच प्रकार. नॉइसम शब्दाचा आवाजाशी काही संबंध नाही, तो अनॉयच्या कुळातला आहे आणि अर्थ घाणेरडा, दुर्गंधी येणारा. एनर्व्हेट ऐकून उत्साह वाढवणं वाटतं, अर्थ बरोबर उलटा, गळाठून टाकणं. इन्जीनियस कल्पक आणि इन्जेन्युअस भोळा. डिसइंटरेस्टेड जज म्हणजे कंटाळलेला न्यायाधीश नाही तर ज्याचा निकालात काही स्वार्थ नाही असा, आणि तो आपल्याला हवाच असतो. आपल्याकडून गेलेले शब्दही तिकडे बदलून बसलेत. जगन्नाथावरून झालेला जगरनॉट म्हणजे समोर येईल ते चिरडत जाणारी ताकद, आणि पंडित म्हणजे टीव्हीवर मत देणारा जाणकार.

मुळं

लॅटिन आणि ग्रीक मुळं शिकली की शब्द घोळक्याने लक्षात राहतात, आणि इथे घोळका हाच शब्द घेऊ. लॅटिनमध्ये कळपाला ग्रेक्स. त्यातून ग्रेगेरियस म्हणजे माणसांत रमणारा, काँग्रिगेट म्हणजे एकत्र जमणं, सेग्रिगेट म्हणजे कळपातून वेगळं काढणं, अ‍ॅग्रिगेट म्हणजे सगळं मिळून. एग्रीजियस म्हणजे कळपाबाहेर उठून दिसणारा, आधी हा चांगल्या अर्थाने होता, आता फक्त भयंकर वाईट चुकीबद्दल वापरतात.

मराठी वाचकाला इथे एक आयतं भांडवल मिळतं कारण लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत एकाच मूळ भाषेच्या लेकी. इग्नाइटमधला इग्निस म्हणजे आपला अग्नी. डेंटल आणि दंत, नॉव्हेल आणि नव, पेडेस्ट्रियन आणि पद, मॉर्टल आणि मृत. सब्जुगेट म्हणजे जुवाखाली आणणं, त्यातलं लॅटिन युगुम, संस्कृत युग आणि बैलाच्या मानेवरचं आपलं जू हे सख्खे भाऊ आहेत. एकदा हे दिसायला लागलं की अवघड शब्द परके वाटेनासे होतात, आणि हा आनंद शिकणाऱ्याने जरूर घ्यावा. सावध मात्र राहायला हवं, कारण पेडेस्ट्रियनमधलं पेड हे लॅटिन पाऊल आहे आणि पेडिअ‍ॅट्रिकमधलं पेड हे ग्रीक मूल, आणि इन्फ्लेमेबलमधला इन नकार देत नाही, ती वस्तू पेटतेच. मुळावरून अंदाज बांधावा आणि मग डिक्शनरीत तपासावा.

लक्षात ठेवणं

हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की अर्थहीन अक्षरं पाठ केली तर तासाभरातच निम्म्याहून जास्त विसरली जातात, आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. यादी रात्री पाठ आणि सकाळी कोरी, याचं कारण हेच. त्यावर उपाय म्हणजे अंतर वाढवत जाऊन उजळणी. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये कार्डांच्या डब्याची पद्धत लोकप्रिय केली, कार्डाच्या एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ, आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा भेटतं, चुकलेलं पहिल्या कप्प्यात परत येतं. पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८७ ला हेच कॉम्प्युटरवर आणलं, आणि २००६ पासून अंकी हे मोफत सॉफ्टवेअर आहे.

पण कार्ड नुसतं बघत राहिलं तर उपयोग नाही, उत्तर आधी स्वतः आठवायचं आणि मगच उलटायचं. कार्पिकी आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांचा २००८ चा प्रयोग यासाठी सांगण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द शिकवले. एकदा आलेल्या शब्दाची ज्यांनी परत परत परीक्षा दिली त्यांना आठवड्यानंतर साधारण ८० टक्के आठवले, आणि ज्यांनी आलेल्या शब्दाची परीक्षा सोडून दिली, नुसतं वाचत राहिले तरी, ते ३५ टक्क्यांच्या आसपासच अडकले. एवढा फरक फक्त आठवायचा प्रयत्न करण्याने पडतो.

काही शब्द कितीही केलं तरी चिकटत नाहीत, त्यांच्यासाठी आवाजाची युक्ती. अ‍ॅटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ मध्ये रशियन शब्दांवर ती तपासली होती, ओळखीच्या आवाजाचा आपल्या भाषेतला शब्द घ्यायचा आणि दोघांचं एक चित्र करायचं. गॅरलस म्हणजे बडबड्या, तर पत्र्यावर ताडताड गारा पडतायत आणि थांबतच नाहीत असं डोळ्यापुढे आणायचं. गोष्ट असेल तर त्याहून चांगलं. लॅकॉनिक म्हणजे मोजकं बोलणारा, शब्द आला प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाच्या लॅकोनिया प्रांतावरून. मॅसिडोनच्या फिलिप राजाने धमकी दिली की मी तुमच्या प्रदेशात घुसलो तर तुमचं वाटोळं करीन, आणि स्पार्टाने उत्तर पाठवलं, 'जर'. ही आख्यायिका एकदा ऐकली की लॅकॉनिकचा अर्थ परत बघावा लागत नाही.

परीक्षांमुळे व्होकॅबचं खूळ वाढलं हे खरं, पण परीक्षाही बदलल्यात. अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी असलेल्या एसएटीने २००५ मध्ये दोन शब्दांमधलं नातं ओळखायचे (अ‍ॅनालॉजीचे) प्रश्न काढून टाकले आणि २०१६ पासून दुर्मिळ शब्दांवरचा भर सोडला, पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरईने २०११ ला विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजी दोन्ही काढून टाकल्या. आता शब्द वाक्यातच विचारतात.

उच्चार

डोळ्यांनी शिकलेला शब्द तोंडाने चुकतो. एपिटोम नाही, एपिटमी. हायपरबोल नाही, हायपर्बली. इंडिक्ट नाही, इंडाइट. सट्लमधला बी आणि इंडाइटमधला सी हे स्पेलिंगमध्ये नंतर घुसवलेले आहेत, जुन्या विद्वानांना शब्दाचं लॅटिन मूळ दिसायला हवं होतं, लोकांचा उच्चार मात्र होता तसाच राहिला. स्पेलिंगइतकाच जोर (स्ट्रेस) पण फसवतो. शब्दाला इटी, शन किंवा इक लागलं की जोर बहुतेक वेळा त्याच्या अगदी आधीच्या अक्षरावर सरकतो, म्हणून क्युरिअसमध्ये क्यु ठळक आणि क्युरिऑसिटीमध्ये ऑ. त्यामुळे कार्ड तयार करतानाच डिक्शनरीतला आवाज दोनदा ऐकावा, मोठ्याने म्हणावा आणि जोर असलेल्या अक्षराखाली रेघ ओढून ठेवावी.