काब्वे : शिसेबाधित मृदा

झँबियाच्या मध्य प्रांताचे मुख्य ठिकाण असलेल्या काब्वे शहरातील जुनी खाण व धातुभट्ट्या यांच्या भोवतालची शिसेमिश्रित जमीन आणि तिच्यामुळे रहिवाशांना, विशेषतः लहान मुलांना, होणारी विषबाधा. शहर देशाची राजधानी लुसाकाच्या उत्तरेस सु. १४० किमी.वर आहे. येथील शिसे व जस्ताची खाण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली आणि जून १९९४ मध्ये बंद पडली. धुराडी थंडावली, पण जमिनीत मुरलेले शिसे तसेच राहिले. प्रगलनकेंद्रांलगतच्या (धातू वितळविण्याच्या ठिकाणांलगतच्या) मृदाप्रदूषणाचा विचार करताना काब्वेचे उदाहरण आता नेहमी घेतले जाते. ‘जगातील सर्वांत प्रदूषित शहर’ हे बिरुद मात्र वृत्तपत्री समजावे. तशी तुलना करण्यासाठी सर्वमान्य मापदंड नाही.

नाव व पूर्वपीठिका : १९०२ मध्ये टी. जी. डेव्ही या ऑस्ट्रेलियन शोधकाला येथील धातुकाचे (ज्यापासून धातू मिळतो त्या खनिजाचे) साठे आढळले. ऑस्ट्रेलियातील प्रसिद्ध खाणगावाशी साम्य वाटल्याने त्याने या जागेला ब्रोकन हिल हे नाव दिले व स्वातंत्र्योत्तर काळापर्यंत ते रूढ होते. आजचे नाव ‘काब्वे का मुकुबा’ या शब्दसमूहावरून आल्याचे सांगतात आणि त्याचा अर्थ ‘धातुक’ किंवा ‘धातू वितळविण्याची जागा’ असा देतात. त्यावरून युरोपीय येण्यापूर्वीही येथे भट्ट्या असाव्यात, असा तर्क केला जातो. पण झँबियातील बेंबा भाषेत ‘मुकुबा’ म्हणजे तांबे, तर येथील साठा मुख्यतः शिसे-जस्ताचा. केवळ नावावरून प्राचीन प्रगलनाचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

याहून गुंतागुंतीचा वाद कवटीचा आहे. जून १९२१ मध्ये खाणकाम चालू असताना एका आदिमानवाची जवळजवळ अखंड कवटी सापडली. ब्रिटिश पुराजीववैज्ञानिक आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी त्याच वर्षी तिच्या आधारे ‘होमो ऱ्होडेसिएन्सिस’ ही जाती प्रस्थापित केली. तिचा काळ पूर्वी पाच लाख वर्षांपर्यंत मागे नेला जाई. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या थेट कालमापनानुसार तो सु. २,९९,००० वर्षे (कमीअधिक २५,०००) येतो. कवटीच्या वरच्या जबड्यातील बरेच दात किडलेले आहेत. अस्थीतील शिशाचे प्रमाण पाहून काही अभ्यासकांनी या मानवालाही शिशाची बाधा झाली असावी आणि दातांची दुरवस्था त्याचाच परिणाम असावा, असे मत १९९०च्या दशकात मांडले. मात्र शिसे-जस्ताने भरलेल्या जमिनीत दीर्घकाळ पडलेल्या हाडांत मृत्यूनंतरही ही मूलद्रव्ये शिरतात. म्हणून हे अनुमान आकर्षक असले, तरी ते राखूनच स्वीकारावे. या वादाला केवळ कुतूहलाचे मोल नाही : येथील शिसे निसर्गतः किती आणि भट्टीने पसरविलेले किती, हा आजच्या जबाबदारीचा प्रश्नही त्याच्याशी जोडलेला आहे. वरच्या थरातील शिसे खाणीपासून दूर जावे तसे घटते, आणि पूर्व–आग्नेयेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे ते पश्चिमेकडे अधिक पसरलेले आढळते. ही मांडणी उघड्या खडकापेक्षा धुराड्याच्या बाजूने साक्ष देते.

प्रसार : गॅलेना (शिशाचे) व स्फॅलेराइट (जस्ताचे) ही येथील प्रमुख सल्फाइडी, म्हणजे गंधकयुक्त, धातुके. ती भाजताना गंधकाचा वायू बाहेर पडतो. भट्टीच्या उष्णतेत शिशाची वाफ होते व निवताना ती अतिसूक्ष्म कणांवर बसते. १९६०च्या दशकात जस्त व शिसे एकाच वेळी देणारी झोतभट्टी आली. भट्टीतील धातुमळी (धातू काढल्यावर उरणारा मळ) व टाकाऊ गाळ यांचे ढीग उघड्यावर साचले. शिसे मातीतील सेंद्रिय द्रव्याला व चिकणमातीला घट्ट धरून राहते. पावसाने ते फारसे खाली उतरत नाही. त्यामुळे ते नेमके वरच्या काही सेंटिमीटरांत, म्हणजे मुले खेळतात तेथेच टिकते. कोरड्या ऋतूत कच्च्या रस्त्यांवरील धूळ घरांत येते. कसांडा ही खाणकामगारांची जुनी वसाहत, माकुलुलू ही दाट झोपडवस्ती आणि चोवा हे भाग विशेष बाधित आहेत. खाणीतून वस्त्यांमधून वाहणारा सांडपाण्याचा कालवाही प्रदूषण पसरवीत असे.

शरीरावरील परिणाम : विषबाधेचा मुख्य मार्ग तोंडाचा. रांगणारे मूल धुळीचे हात तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशाचा जवळजवळ निम्मा भाग लहान मुलांत शोषला जाऊ शकतो, प्रौढांत तो सहसा दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. लोह व कॅल्शियम कमी पडत असल्यास शोषण वाढते. म्हणून कुपोषित मुलाला तीच माती अधिक बाधते. शिसे कॅल्शियमची नक्कल करून हाडांत साठते व तेथे दशकानुदशके राहते. गर्भारपणात ते पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत पोचते. रक्तरंजक द्रव्य (हीमोग्लोबिन) बनविणारी विकरे (एंझाइमे) मंदावल्याने रक्तक्षय होतो. बुद्धीची वाढ खुंटणे व वर्तनात बिघाड हे परिणाम कमी मात्रेतही दिसतात. अतिमात्रेत झटके, बेशुद्धी व मृत्यू संभवतात. प्रौढांत रक्तदाब व मूत्रपिंडाचे विकार होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शनानुसार रक्तात डेसीलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून उपाय करावेत. मुलांत ४५ किंवा अधिक असल्यास शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे द्यावीत. सुरक्षित अशी पातळी ज्ञात नाही. वरील तीन वस्त्यांतील सात वर्षांखालील २४६ मुलांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत प्रत्येकाच्या रक्तातील शिसे ५च्या वर निघाले. काहींचे १५०च्याही वर. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या यकृतातही शिसे आढळले आहे. जमिनीच्या बाबतीत, अमेरिकेत मुलांच्या खेळाच्या जागेसाठी दीर्घकाळ मातीच्या दहा लाख भागांत शिशाचे ४०० भाग ही मर्यादा धरली जाई. २०२४ मध्ये निवासी मातीसाठीची तपासणी-पातळी २०० वर आणली गेली.

उपाय व दायित्व : जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ पासून कालवा उपसणे, रक्ततपासणी इ. कामे झाली, २०१६ मध्ये सु. ६·५ कोटी डॉलरचा दुसरा प्रकल्प मंजूर झाला, त्यात काब्वेखेरीज ताम्रपट्ट्यातील (झँबियाच्या तांब्याच्या खाणींच्या प्रदेशातील) शहरेही आहेत. स्वच्छ माती पसरणे, गवत लावणे, फॉस्फेट मिसळून शिसे अविद्राव्य करणे हे मार्ग माहीत आहेत. औषधोपचार केलेले मूल त्याच अंगणात परतले, तर रक्तातील शिसे पुन्हा चढते, हा वैद्यकीय अनुभव मात्र बहुधा बाजूला पडतो. ढिगांवर हाताने धातुक वेचणेही चालूच आहे.

अँग्लो अमेरिकन समूहाचा खाणीशी १९२५ ते १९७४ या काळात संबंध होता. नंतर खाण राष्ट्रीयीकृत झाली. या समूहाच्या दक्षिण आफ्रिकी कंपनीविरुद्ध ऑक्टोबर २०२० मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयात काब्वेच्या महिला व मुलांच्या वतीने सामूहिक दाव्याचा अर्ज झाला. खाण आपण चालविली नाही, असे कंपनीचे म्हणणे. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने अर्ज फेटाळला. पुढे अपिलाची परवानगी मिळाली.