ठशांची शुभेच्छापत्रे: आधी रंग ठरवा, मग शाई आणि कागद

ठसा उमटवून घरी शुभेच्छापत्र करायचे, तर चित्र कशाने रंगवणार हे आधी ठरवा. शाई आणि कागद त्यावरून ठरतात. कार्ड बिघडते तेव्हा दोष बहुधा हाताचा नसतो, न जुळणाऱ्या जोडीचा असतो.

जलरंग. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या ठशात आकाश आणि पाणी भरायला जलरंगांसारखे दुसरे काही नाही. पण ऑफिसच्या साध्या शिक्क्याची शाई ओल्या ब्रशने लगेच फुटते आणि निळ्या आकाशात जांभळे ओघळ उतरतात. म्हणून पाण्याने न फुटणारी शाईच घ्या आणि ती पूर्ण वाळू द्या. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरमागे ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगांचा हवा. पातळ कागद पाणी लागताच फुगतो. खरखरीत कागदावर बारीक रेषा तुटक उमटतात, त्यामुळे नाजूक नक्षीच्या ठशाला गुळगुळीत जलरंग-कागद घ्या. रंगवण्यापूर्वी चारही कडा मास्किंग टेपने पाटीला चिकटवा.

अल्कोहोल मार्कर. यांना गुळगुळीत, घट्ट कार्डशीट लागते. जलरंगांचा कागद शाई पितो आणि मार्कर लवकर रिकामा होतो. इथे शाईची कसोटी वेगळी: पाण्याने न फुटणारी शाईसुद्धा अल्कोहोलने विरघळू शकते. काळी रेषा पिवळ्या पाकळीत ओढली गेली, तर कारण हेच. रंग आपणहून थोडा पसरतो, म्हणून रेषेच्या किंचित अलीकडेच थांबा. तो मागच्या बाजूलाही उतरतो, तेव्हा खाली रद्दी कागद ठेवा.

रंगपेन्सिली. सुरुवातीला याच घ्या, असे आम्ही दुकानात आवर्जून सांगतो. जवळपास कोणतीही वाळलेली शाई चालते. कागद मात्र अगदी चकचकीत नको, रंग धरत नाही. दाबून एकदा रंगवण्यापेक्षा हलक्या हाताचे तीन-चार थर द्या.

उठावाची रेषा. एम्बॉसिंग पावडर तापवली की वितळते आणि रेषेला उठाव देते. तिला सावकाश वाळणारी पिगमेंट शाई किंवा एम्बॉसिंगची पारदर्शक शाई लागते. कागदात मुरणारी डाय शाई पावडर टाकेपर्यंतच वाळते. क्रम असा: कागदावर टाल्कम पावडरचा कोरडा बोळा फिरवा, ठसा उमटवा, लगेच एम्बॉसिंग पावडर टाका, झटका, उरलेली बाटलीत परत भरा. हीट गन (खूप गरम हवेचा झोत देणारे साधन) आधी बाजूला धरून तापवा, मग कागदावर आणा. रेषा चमकली की पुढे सरका. जास्त तापली तर उठाव बसतो आणि रेषेभोवती तेलकट डाग येतो. केस वाळवायच्या ड्रायरने हे जमत नाही: तो पावडर उडवतो, वितळवत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद दमट असतो आणि पावडर नको तिथे चिकटते, म्हणून जून ते सप्टेंबर टाल्कमचा बोळा टाळू नका. कागद झिपच्या पिशवीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा.

नव्या पारदर्शक ठशावर शाईचे थेंब जमत असतील, तर त्यावर साधा खोडरबर हलकेच फिरवा. ठसा कडेला उमटत नसेल, तर जास्त दाबू नका; कागदाखाली माऊसपॅड किंवा पातळ फोम घ्या.

मूळ कार्डावर थेट रंगवू नका. ए४ कार्डशीटचे (२५० ते ३०० जीएसएम) दोन तुकडे करून प्रत्येकाला मधोमध घडी घातली, की सुमारे १०५ × १४८ मिमीचे कार्ड होते. चित्र ९५ × १३८ मिमीच्या वेगळ्या तुकड्यावर करा. भोवती ५ मिमीची चौकट आपोआप उरते आणि चूक झाली तरी कार्ड वाया जात नाही. तो तुकडा दुहेरी टेपने चिकटवा, पातळ डिंकाने कागद लहरतो. घडीच्या जागी पट्टीला धरून रिकाम्या रिफीलने रेघ ओढा, मग दुमडा. घडी फाटल्यासारखी दिसली, तर कागदाचे धागे आडवे आहेत. पुढचे कार्ड दुसऱ्या दिशेने कापा. पाकीट ११४ × १६२ मिमीचे बसते.

शाई घेण्याआधी आपला ठसा आणि रंग दुकानात घेऊन या. काउंटरवर एका पट्टीवर ठसा उमटवून, पाच मिनिटे थांबून, अर्ध्या भागावर ओला ब्रश आणि अर्ध्यावर मार्कर फिरवून पाहा. त्या पट्टीचे पैसे घेत नाही.