तीन प्रश्नचिन्हांचे पत्रक

ऑक्टोबर १९१६ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल या गरीब वस्तीत इंग्रजी, यिडिश (युरोपातून आलेल्या ज्यूंची भाषा) आणि इटालियन अशा तीन भाषांत छापलेले एक पत्रक वाटले गेले. ‘मातांनो!’ या हाकेपाठोपाठ त्यात तीन प्रश्न होते: मोठे कुटुंब तुम्हाला परवडते का? आणखी मुले हवी आहेत का? नको असतील, तर ती का होऊ देता? खाली ४६, अँबॉय स्ट्रीट हा पत्ता आणि १० सेंट ही नोंदणी फी दिली होती. परिचारिका मार्गारेट सँगर यांनी बहीण एथेल बर्न आणि फानिया मिंडेल यांच्यासह उघडलेले हे अमेरिकेतील पहिले संततिनियमन केंद्र होय.

लोकसंख्या धान्यापेक्षा वेगाने वाढते असे सांगणारा अर्थतज्ज्ञ माल्थस याच्या अनुयायांनी हाच विषय लोकसंख्या आणि धान्य यांच्या हिशेबात मांडला होता. पत्रकात त्या हिशेबाचा मागमूस नाही. तिसरा प्रश्न वरवर बोचरा वाटतो, परंतु ‘उपाय कुणी सांगितलाच नाही’ हेच त्याचे उत्तर वाचणारीच्या मनात उमटावे आणि लगेच तिची नजर पत्त्यावर जावी, अशी ती रचना आहे. गर्भनिरोधाची माहिती टपालाने पाठवणे १८७३च्या कॉमस्टॉक कायद्याने अश्लीलतेत जमा केले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या साधेपणामागचे धाडस कळते.

प्रश्नांनंतरचे वाक्य मला सर्वांत कसबी वाटते: मारू नका, जीव घेऊ नका, प्रतिबंध करा. गर्भपात आणि गर्भनिरोध यांच्यातील ही सीमारेषा जीवशास्त्राच्या आधाराने आखता येत होती. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यांनी समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यात शुक्राणू व अंडे यांच्या केंद्रकांचे मीलन पाहिले, त्याला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. गर्भाशयाच्या मुखावर बसणारी रबरी टोपी शुक्राणूंची वाट अडवते. मीलनच होत नाही, त्यामुळे तेथे मारण्याजोगे काही नसते. बायबलमधील आज्ञेचा सूर आणि प्रयोगशाळेतील ज्ञान एकाच ओळीत आणणे हे वक्तृत्वाचे मोठे यश आहे.

केंद्र दहा दिवसांतच पोलिसांनी बंद केले आणि १९१७ मध्ये सँगर यांना तीस दिवसांची कैद झाली. मात्र त्यांच्या अपिलावर १९१८ मध्ये निकाल देताना न्यायालयाने, रोगाच्या प्रतिबंधासाठी किंवा उपचारासाठी डॉक्टरांना विवाहितांना गर्भनिरोधाचा सल्ला देता येईल, असा अर्थ लावला. चळवळीची भाषा त्यानंतर बदलत गेली. आधी जिला ‘माता’ म्हणून हाक दिली होती, ती आता डॉक्टरांपुढची ‘रुग्ण’ झाली. १९३६ मध्ये जपानहून आलेल्या गर्भनिरोधक टोप्यांच्या खटल्यात हीच वैद्यकीय भाषा जिंकली. याच काळात सँगर यांनी सुप्रजननवादाचाही, म्हणजे निवडक लोकांनाच संतती व्हावी या विचाराचाही, आधार घेतला. ‘कुणाला मुले व्हावीत’ हे इतरांनी ठरवण्याची त्यातील भाषा पत्रकातल्या दुसऱ्या प्रश्नाला छेद देणारी होती.

मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांची पद्धत सँगर यांच्याहून वेगळी होती. मातृत्वाची कणव वाचकाच्या मनात जागवून हळूच मुद्द्याकडे वळणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, हे ते सरळ लिहीत. साहजिकच अश्लीलतेचे खटले त्यांच्यावरही भरले गेले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडूनही ते हरले.