प्रेमभंगपट

प्रेमसंबंधाचा किंवा वैवाहिक सहजीवनाचा शेवट हाच ज्याच्या कथानकाचा गाभा असतो, असा चित्रपट. विरहकथेपासून तो वेगळा काढावा लागतो. विरहकथेत घरच्यांचा विरोध, युद्ध, मृत्यू अशी बाहेरची कारणे प्रेमिकांची ताटातूट घडवतात. प्रेमभंगपटात कारण त्या दोघांमध्येच दडलेले असते आणि निर्णयही त्यांचाच, निदान एकाचा तरी, असतो. हा निकष लावल्यास प्रमथेश बरुआ यांचा ‘देवदास’ (१९३५) किंवा ‘कॅसाब्लांका’ (१९४२) या वर्गात बसत नाहीत.

उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार हा प्रकार अमेरिकन विनोदी चित्रपटांतून आला. सेसिल बी. डमिल यांनी १९१९–२० च्या सुमारास घटस्फोट घेऊन पुन्हा एकत्र येणाऱ्या जोडप्यांवर चित्रपट केले. त्यानंतरच्या बोलपटांतील सात चित्रपटांचा (१९३४–४९) ‘पुनर्विवाहाच्या सुखात्मिका’ असा गट तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१ मध्ये मांडला. लिओ मकॅरी यांच्या ‘द ऑफुल ट्रूथ’मध्ये (१९३७) घटस्फोट अंतिम होण्याची घटका मध्यरात्री भरते आणि तोवर पती-पत्नीचे मन पालटते. एकमेकांना समान मानायला शिकणे, हा या पुनर्मीलनाचा अर्थ कॅव्हेल यांनी लावला. तो मोलाचा आहेच. पण त्या काळच्या हॉलिवूडच्या निर्मितीसंहितेचा, म्हणजे चित्रपटात काय दाखवावे याच्या नियमावलीचा, वाटाही विसरता येत नाही. १९३० मध्ये स्वीकारलेली आणि १९३४ पासून कडकपणे राबवलेली ही संहिता विवाहसंस्थेचे पावित्र्य राखण्याचे बंधन घालत असे. त्यामुळे ताटातूट दाखवता येई, पण तिच्यावरच पडदा पाडणे अवघड होते.

दुसरे मत युद्धोत्तर इटालियन चित्रपटाकडे बोट दाखवते, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. रॉबेर्तो रोस्सेलीनी यांच्या ‘व्याज्जो इन इतालिया’त (१९५४) तुटत चाललेले जोडपे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या प्राचीन नगराचे उत्खनन पाहायला जाते. राखेतल्या पोकळीत ओतलेल्या प्लास्टरमधून शेजारी शेजारी पडलेले दोन देह उमटतात आणि पत्नीला ते दृश्य सोसवत नाही. मात्र याही चित्रपटाचा शेवट समेटात होतो. म्हणून सीमारेषा मिकेलांजेलो आंतोनिओनी यांच्या ‘लेक्लिसे’पाशी (१९६२) आखणे योग्य ठरेल. येथे एक नाते पहिल्याच प्रसंगात संपते. पहाटेची खोली, फिरणारा टेबलफॅन, बोलायचे ते बोलून झालेले दोघे. आणि नायिका तसबिरीच्या रिकाम्या चौकटीतून हात घालून टेबलावरच्या वस्तू हलवते आहे. भांडण पडद्यावर येतच नाही. चित्रपटाच्या अखेरीस नव्या प्रेमिकांपैकी कोणीही ठरल्या जागी येत नाही. कॅमेरा मात्र तेथे जातो आणि काही मिनिटे नुसता रस्ता, कुंपण, पाणी दाखवत राहतो.

इंगमार बर्गमन यांची ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ (१९७३) ही सहा भागांची स्वीडिश दूरदर्शन मालिका पुढे संक्षिप्त रूपात चित्रपटगृहांत आली. १६ मिमी. फिल्मवरील चित्रण आणि दीर्घ समीपदृश्ये यांमुळे चेहरा हेच तिचे नाट्यस्थळ बनले. या मालिकेमुळे स्वीडनमध्ये घटस्फोट वाढले, हे विधान वारंवार केले जाते. परंतु घटस्फोट सुलभ करणारा नवा कायदा तेथे १९७४ च्या आरंभीच लागू झाला. मालिकेचा परिणाम कायद्याच्या परिणामापासून वेगळा काढता येत नसल्याने हा दावा सावधपणेच घ्यावा.

कालक्रमाची मोडतोड हे या प्रकाराचे ठळक तंत्र होय. आठवणीत नाते सरळ रेषेत उरत नाही, हे त्यामागचे कारण असावे. ‘अ‍ॅनी हॉल’चे (१९७७) विस्कळित निवेदन बरेचसे संकलनात घडले. मूळ चित्रणाचा रोख नायकाच्या मनोव्यापारावर होता. राल्फ रोझेनब्लम यांच्या संकलनात प्रेमकथा मध्यभागी आली. हॅरॉल्ड पिंटर यांच्या नाटकावरील ‘बिट्रेयल’ (१९८३) आणि फ्रान्स्वा ओझाँ यांचा ‘फाइव्ह टाइम्स टू’ (२००४) हे शेवटाकडून आरंभाकडे जातात. त्यामुळे पहिल्या भेटीचा आनंद प्रेक्षकाला ठाऊक असलेल्या शेवटाच्या छायेत येतो. ‘ब्लू व्हॅलेंटाइन’मध्ये (२०१०) भूतकाळ सुपर १६ फिल्मवर आणि वर्तमान डिजिटल कॅमेऱ्यावर टिपला आहे, काळाचा फरक पडद्याच्या पोतातच उतरतो.

भारतात हिंदू विवाह कायदा १९५५ चा असला, तरी परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद त्यात १९७६ मध्ये आली. महेश भट्ट यांच्या ‘अर्थ’मधील (१९८२) नायिका परतलेल्या पतीला नाकारते आणि नव्या प्रेमिकाचाही आधार घेत नाही. त्याच वर्षीच्या जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’तही नायिका घर सोडते, पण तेथे भर कामाच्या ओढीवर अधिक असल्याने त्याला या वर्गाचा शेजारी म्हणणे बरे. सुबोध घोष यांच्या ‘जतुगृह’ या बंगाली कथेवर तपन सिन्हा यांनी १९६४ मध्ये आणि गुलजार यांनी ‘इजाजत’ (१९८७) या नावाने चित्रपट केला. ‘इजाजत’मध्ये विभक्त पती-पत्नी रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षालयात अचानक समोरासमोर येतात. दोषारोपाचा काळ मागे पडल्यावर उरलेली आस्था हा त्याचा विषय आहे. इराणी दिग्दर्शक असगर फरहादी यांच्या ‘अ सेपरेशन’ची (२०११) सुरुवात न्यायाधीशासमोर होते; कॅमेरा न्यायाधीशाच्या जागी असल्याने पती-पत्नी आपले म्हणणे थेट प्रेक्षकापुढे मांडतात.