माफीची अट आणि वगळलेला एक शब्द : मुंबईतल्या आस्तिक-नास्तिक दुराव्याची पार्श्वभूमी

देव मानणारे आणि न मानणारे मुंबईत एकाच चाळीत, बऱ्याचदा एकाच घरात राहत आले आहेत. तरी दोघांच्या मनात एकमेकांची भीती आहे, आणि ती दोन्हीकडून खरी आहे. मानणाऱ्याला वाटतं, ही माणसं आपलं सगळं खोटं ठरवणार आणि आपल्याला अडाणी म्हणून मोकळी होणार. न मानणाऱ्याची भीती २०१३ पासून थेट जिवाची आहे. दोन्हींचं वजन सारखं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण हलकी भीती म्हणजे खोटी भीती नव्हे. तिच्याकडे कुणी नीट पाहिलं नाही, म्हणून गेल्या तीस वर्षांत बरंच बिनसलं.

मुळं जुनी आहेत. १८४९ मध्ये मुंबईत काही शिकलेल्या तरुणांनी एक गुप्त मंडळी काढली. ते नास्तिक नव्हते, एकच ईश्वर मानणारे होते. जातपात मात्र त्यांना नको होती. आत यायचं तर परधर्मीयाच्या हातचा पाव खावा लागे. हे सगळं दारं लावून चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि वाळीत पडण्याच्या धास्तीने मंडळी मोडली. १८६७ मध्ये त्याच विचारांतून निघालेली नवी संस्था उघडपणे प्रार्थना करू लागली, ती पुढे गिरगावात स्थिरावली. म्हणजे या शहरात वेगळं मत असणाऱ्याने आधी लपायला शिकलं आणि मग बोलायला.

पुढे १९२७ मध्ये दंडसंहितेत २९५-अ हे कलम आलं. धार्मिक भावना ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ दुखावणं हा गुन्हा ठरला. १९३० च्या दशकात मुंबईतल्या एका बुद्धिवादी मासिकाच्या संपादकावर याच कलमाखाली खटला झाला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडून दिलं. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं, पण अजाणता किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात बसत नाही, असंही बजावलं. कलमातला हा ‘हेतू’ पुढे प्रत्येक भांडणात आडवा आला, कारण समोरच्याचा हेतू काय होता, हे घाबरलेला माणूस आधीच ठरवून बसलेला असतो.

२१ सप्टेंबर १९९५ चा दिवस अनेकांच्या लक्षात असेल. गणपती दूध पितो म्हणून देवळांपुढे रांगा लागल्या. चमच्यातलं दूध पृष्ठताणाने ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ ओघळाने खाली उतरतं, हे त्याच दिवशी सांगितलं गेलं. घरातल्या ओल्या वरवंट्यावर ते कुणालाही करून पाहता आलं असतं. स्पष्टीकरण बरोबरच होतं, पण ज्या आवाजात ते सांगितलं गेलं तो आवाज रांगेतल्या बायकांना लागला. माझ्या ओळखीच्या एक आजी त्या दिवशी वाटी घेऊन गेल्या होत्या. त्यांना विज्ञानाचा राग कधीच नव्हता. नातू सगळ्यांसमोर हसला, याचा होता.

ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि रात्रीत हजारो लोक जमले. पिशव्या, थर्माकोल, निर्माल्य तरंगतंय, आणि त्यातूनच कुणी प्लास्टिकच्या बाटल्या भरतंय, कुणी ओंजळीने पितंय. पावसाळ्यात मिठी नदीचं गोडं पाणी खाडीतून आलं की खारटपणा कमी होतो, हे कारण पुढे आलं. प्रशासनाने इशारा दिला तो दूषित पाण्याचा, पोट बिघडेल याचा. त्या पाण्यावरून कुणी कुणाला कोर्टात खेचल्याचं आठवत नाही. लोकांना पोटाची काळजी कळते.

विलेपार्ल्याजवळच्या इर्ल्यात २०१२ च्या मार्चमध्ये असं झालं नाही. तिथल्या एका प्रार्थनास्थळाबाहेरच्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. भाविक ते भांड्यांत, बाटल्यांत जमवू लागले. एका वाहिनीच्या निमंत्रणावरून दिल्लीचे एक बुद्धिवादी कार्यकर्ते पाहायला आले. त्यांनी भिंतीची ओल हाताने चाचपली आणि मागे जाऊन न्हाणीघराकडून येणारं तुंबलेलं गटार दाखवलं. ते पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप ओढलं जाऊन, भिंतीतून वर चढत होतं आणि खिळ्याच्या भोकातून मूर्तीपर्यंत पोहोचत होतं. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग वाहिनीवर चर्चा झाली, आवाज चढले, चर्च बनावट चमत्कार रचतं असे आरोप झाले, आणि शहरातल्या पोलीस ठाण्यांत २९५-अ खाली तक्रारी दाखल झाल्या. आमचा राग गटाराच्या निदानावर नाही, चर्चबद्दल वापरलेल्या शब्दांवर आहे, असं तक्रारदारांनी सांगितलं. कार्यकर्ते त्याच वर्षी फिनलंडला गेले.

चर्चमधल्या वरिष्ठांच्या बाजूने एक प्रस्ताव आला : कार्यकर्त्यांनी माफी मागावी, मग तक्रारी मागे घ्या असं आम्ही तक्रारदारांना सांगू. बाहेरून तो समेटाचा वाटतो, आणि मांडणाऱ्यांच्या मनात तसंच असेल, असं मी धरून चालतो. पण ज्याच्यावर अटकेची टांगती तलवार आहे त्याची माफी ही माफी राहत नाही, ती जबानी होते. त्यांनी ती दिली नाही आणि प्रकरण तिथेच अडलं. मराठीत आपण माफी मागतो आणि क्षमा करतो. मागणारा आधी वाकला पाहिजे, अशी सवय आपल्या भाषेलाच आहे. इर्ल्यात दोन्ही बाजू त्या ‘आधी’वर थांबल्या.

याच काळात विधिमंडळात दुसरं एक भांडण चालू होतं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात मोलाचा निर्णय त्यातून निघाला. जादूटोण्याविरुद्ध कायदा करा, ही मागणी १९९० च्या दशकापासूनची. मसुदे आले, बदलले, अधिवेशनांमागून अधिवेशनं रखडले. विरोधात वारकरी मंडळीही होती, आणि त्यांना प्रतिगामी म्हणून झटकून टाकणं हा मोठा अन्याय होता. नवसाने पोरं होत असती तर नवरा कशाला लागला असता, असं विचारणारे तुकोबा त्यांच्याच रोजच्या भजनातले. त्यांची भीती एका शब्दाभोवती होती : अंधश्रद्धा.

हा शब्द बारकाईने पाहावा लागतो. ‘श्रद्धा’ला ‘अंध’ जोडलं की डोळस श्रद्धा कोणती आणि आंधळी कोणती, हे ठरवणारा तिसरा माणूस आपोआप उभा राहतो. तो कोण? पोलीस हवालदार? शाळामास्तर? की ज्याला देवच मान्य नाही असा कार्यकर्ता? आळंदीहून पायी निघालेल्या म्हातारीला वाटलं, उद्या आपल्या वारीलाही कुणी हे नाव देईल. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतली माणसं कळकळीने सांगत होती की आमचा रोख फसवणुकीवर आणि अघोरी प्रकारांवर आहे. पण त्यांच्या तोंडात शब्द तोच राहिला. चांगली वीस वर्षं दोन्हीकडची माणसं त्या एका शब्दावरून एकमेकांना घाबरत राहिली.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या, याच चळवळीतल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. वर्षानुवर्षं त्यांनी या कायद्यासाठी खस्ता खाल्ल्या होत्या. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात कायदा मंजूर झाला. त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट आणि अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. अंधश्रद्धा हा शब्द नाही. काय गुन्हा आहे त्याची अनुसूची आहे, आणि काय गुन्हा नाही हे सांगणारं एक वेगळं कलम : प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन, दर्ग्यातली आणि चर्चमधली प्रार्थना, कान टोचणं, जैनांचं केशलोचन, म्हणजे हाताने केस उपटणं. ज्योतिष आणि वास्तुशास्त्राचा सल्लाही त्यात आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

चळवळीतले काही जण आजही हळहळतात की कायदा पातळ केला. ज्योतिषाला दिलेली सूट मलाही पटत नाही. पण शब्द वगळला ती माघार होती, असं मी म्हणणार नाही. कीर्तन गुन्हा नाही हे छापील दिसल्यावर बऱ्याच वारकऱ्यांच्या मनातली धास्ती उतरली. कुणाला माफी मागावी लागली नाही. मोजावी लागलेली किंमत मात्र एका माणसाच्या जिवाची होती, आणि तिचा हिशेब कुठल्याही समेटात बसवता येत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात दुसऱ्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यावर, गोविंद पानसरे यांच्यावर, गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांनी मुंबईतल्या रुग्णालयात प्राण सोडला. पुण्याच्या खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. मारलेल्यांच्या घरच्यांकडून क्षमेची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी या तारखा वाचाव्यात.

एका निकालाची आठवण कमी जणांना असते. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सरकार कुणालाही धर्म जाहीर करायला लावू शकत नाही आणि ‘धर्म नाही’ असं सांगण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. याचिका कुणाची? येशूवर श्रद्धा असलेल्या, पण कुठलाच धर्म न मानणाऱ्या माणसांची. राजपत्रात तशी नोंद करायला सरकारी मुद्रणालयाने नकार दिला होता. नास्तिकांना मिळालेला हा हक्क भाविकांनी लढून आणला. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २८.७ लाख लोकांनी धर्म नोंदवला नव्हता.

कोर्टं आणि कायदे यांच्या बाहेर, घरात, हे सगळं दहाव्या दिवशी समोर येतं. परळच्या एका घरातलं सांगतो. वडील नास्तिक, देहदानाचा अर्ज भरून ठेवलेला. आई रोज दिवा लावणारी. वडील गेले त्या रात्री नातेवाईक म्हणाले, अग्नी नाही, अस्थी नाहीत, मग गती कशी मिळणार? आई घाबरली होती, तिचे हात थरथरत होते. तरी तिने गाडी बोलवायला सांगितलं आणि देह वैद्यकीय महाविद्यालयात गेला. दहाव्या दिवशी तिने भात, उडदाचे वडे, खीर असं पान वाढलं. मुलगाही न मानणारा. पान तोच गच्चीवर घेऊन गेला. नंतर चळवळीतल्या मित्रांनी त्याला सुनावलं, आणि काकाने अजून बोलणं टाकलं आहे. कावळा यायला बराच वेळ लागला. तोवर तो कठड्यापासून दोन हात दूर, चपला काढून उभा होता.